एक माप वर

माझ्या बाबांना काही पटवायचं म्हणजे ते त्यांचं त्यांनाच सुचलंय असं वाटायला लावावं लागतं. ही कला आईला जमते. मला नाही जमत. मी सरळ सांगते, ते सरळ नाही म्हणतात, आणि मग जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं आईच्या मार्फत बोलतो. "तुझ्या लेकीला सांग, मीठ दे." "तुझ्या नवऱ्याला सांग, हाताशीच आहे."

बाबांचा उभा जन्म कारखान्याच्या बॉयलरखान्यात गेला. वाफेच्या, गरम पाण्याच्या, तेलाच्या लाइनी टाकणं हे त्यांचं काम. त्या कामात त्यांचा एक नियम होता: शंका आली की एक माप वर. पाइप लहान पडला तर सगळं उखडावं लागतं, मोठा पडला तर कुणाचं काही बिघडत नाही. बॉयलरखान्यात हे खरंच असेल. पण बाबांनी तो नियम घरी आणला. माझे शाळेचे बूट एक माप वर, पुढे बोळा कोंबलेला. कपाट एवढं मोठं की ते आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली. न्हाणीघराचा पाइप इतका रुंद की लहानपणी माझी आख्खी चप्पल त्यातून वाहून गेली, आणि बाबा म्हणाले, "बघ, तुंबला नाही!"

ते निवृत्त झाले आणि खुर्चीत बसले. म्हणजे बसलेच. सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर, संध्याकाळी नळ गळतो का ते बघायला उठायचं, आणि तो गळत नाही म्हणून चिडायचं. आई एक दिवस मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "भिंगरे, त्यांना काहीतरी काम दे गं. रात्रंदिवस ते त्या भिंतीकडे बघतात. आता मला वाटायला लागलंय, भिंतच पडेल एक दिवस. नाहीतर ते."

ती हसत बोलली, पण डोळे हसत नव्हते. मी घाबरले. बाबांना इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

आता त्यांना देण्यासारखं काम माझ्याकडे होतं. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "क्लच, क्लच, अहो क्लच!" असं ओरडते, आणि सुट्टीच्या दिवशी माझी स्वतःची गाडी घेऊन आमच्या मोटर क्लबच्या चढावाच्या शर्यतीला जाते. डोंगराचा रस्ता, एका वेळी एकच गाडी, खाली घड्याळ सुरू, वर घड्याळ बंद. माझी गाडी जुनी, लांबट, सहा सिलिंडरची. तिच्यात दम भरपूर आहे, पण मूळ सायलेन्सर गंजलेला आणि त्याचा पाइप अरुंद, त्यामुळे तिचा श्वास कोंडायचा. इंजिनातून निघणाऱ्या सहा नळ्यांपासून मागच्या टोकापर्यंत धुराची सगळी वाट, म्हणजे एक्झॉस्ट, नवी बसवायची माझ्या मनात होती.

"बाबा," मी म्हटलं, "माझ्या गाडीचा एक्झॉस्ट कराल? अडीच इंची पाइप, स्टीलचा. पुढच्या तीन नळ्या एकत्र, मागच्या तीन एकत्र, मग दोन्हींचा मिळून एक."

त्यांनी पेपर खाली ठेवला. घडी घालून ठेवला. एवढं पुरे होतं, आईने आतून माझ्याकडे बघून हात जोडले.

मागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. बाबांनी वेल्डिंगचा जुना सेट पुसून काढला, दोन चष्मे एकावर एक लावले, आणि माणूस बदलला. सकाळी चहा उभ्याउभ्या. जेवायला हाका मारून आईचा घसा बसायचा. गाडीच्या पोटाखाली लाकडी ठोकळे लावून, वाकवून, पुन्हा काढून त्यांनी एकेक वळण बसवलं. वेल्डिंग तर असं, की आईने त्यावर बोट फिरवून म्हटलं, "हे तर विणल्यासारखं दिसतंय." बाबा गालात हसले. त्यांचं ते हसू बघायला मी कितीतरी महिने थांबले होते. म्हणून पाइप पाहिल्याबरोबर जे म्हणायला हवं होतं, ते मी फारच हळू म्हटलं.

"बाबा, हा अडीच नाहीये."

"तीन आहे."

"मी अडीच सांगितलं होतं."

"एक माप वर बरं. तुझी सहा सिलिंडरची गाडी आहे, शिवणाचं मशीन नाही. मोकळा श्वास घेऊ दे तिला."

इथे जरा सांगते, कारण याच गोष्टीने माझं डोकं फिरवलं. इंजिनाचा धूर सलग धारेसारखा निघत नाही. एका सिलिंडरचा फुत्कार, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. पाइप बेताचा असेल तर पुढचा फुत्कार वेगात पळतो आणि पळताना मागच्याला ओढून घेतो. पाइप फार मोठा झाला की तो ढिला पडतो, मागच्याला ओढत नाही. मग खालच्या वेगात गाडीला पिकअप राहत नाही. सरळ मोठ्या रस्त्यावर, इंजिन किंचाळत असताना, हे कळतही नाही. पण चढाच्या रस्त्यावर वळणच वळणं. प्रत्येक वळणातून हळू बाहेर पडायचं आणि तिथूनच जोर मागायचा.

पहिल्या सरावाला वळणातून बाहेर पडले, पाय दाबला, आणि गाडीने मान टाकली. पुढच्या वळणाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. खालून बघणाऱ्यांनी मला विचारलं, हँडब्रेक सोडायला विसरलीस का?

घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "सवय नाही तुला एवढ्या ताकदीची."

दुसऱ्या सरावानंतर सांगितलं. बाबा म्हणाले, "पेट्रोल बघ, भेसळ असेल."

मी म्हटलं पेट्रोल तेच आहे. बाबा म्हणाले, "मग प्लग बघ." प्लग बघितले. "मग चालवण्यात फरक पडला असेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईने अर्ध्या गावाला क्लच शिकवला, तिला म्हणे चालवण्यात फरक! मी ताट तसंच ठेवून उठले. आईने मागून हाक मारली, मी वळून पाहिलं नाही.

शेवटी मी त्यांना डायनोवर घेऊन गेले. डायनो म्हणजे गाडीची चाकं मोठ्या रोलरवर ठेवून जागच्या जागी पळवायची, आणि गाडीत किती जोर आहे हे यंत्र पडद्यावर रेघ काढून दाखवतं. तिथल्या माणसाने जुन्या एक्झॉस्टची आधी काढून ठेवलेली रेघ आणि नव्याची रेघ एकावर एक दाखवली. उजव्या टोकाला, अगदी वरच्या वेगात, बाबांची रेघ थोडी वर होती. बाकी सगळीकडे ती खाली लोंबत होती. आंधळ्यालाही दिसलं असतं.

बाबा दोन्ही चष्मे लावून पडद्याजवळ गेले. उजव्या टोकावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वर आहे की!"

"बाबा, तिथे मी पोचतच नाही! माझं काम इथे आहे, खाली!"

"रोलर घसरत असतील."

डायनोवाल्याने कपाळाला हात लावला नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

परतीच्या वाटेवर मी गाडीत एक शब्द बोलले नाही. बाबा मात्र बोलत होते, कारण त्यांना वाटलं मी विचारात पडलेय. सायलेन्सरचा डबाही जरा लहान झालाय, म्हणाले, तोही एक माप वर करतो. मी स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतलं नाही, कारण गाडी चालू होती.

मला काय हवं होतं? शर्यत जिंकायची होतीच. पण त्याहून जास्त हवं होतं ते एवढंच, की माझ्या कामातलं माझं म्हणणं या माणसाने एकदा, फक्त एकदा, ऐकून घ्यावं. आणि ते मला ओरडून मागता येत नव्हतं, कारण हातातला पाइप काढून घेतला की हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल, ही भीती होती. एकीकडे संताप, दुसरीकडे भीती. दोन्हींच्या मध्ये मी महिनाभर मूग गिळून बसले.

आणि मग मी चोरी केली. दुसरं काय म्हणू?

गावाबाहेर एक सायलेन्सरवाला आहे. फार बोलत नाही आणि जे बोलतो ते वाकडंच बोलतो. बाबांचा पाइप बघून म्हणाला, "काम देखणं आहे. पण गाडीचं नाही, कारखान्याचं आहे." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तरी मी त्याच्याकडून अडीच इंची पाइप बसवून घेतला. मागून दिसणारं टोक तेवढं बाबांचंच ठेवायला लावलं. बाबांचा पाइप जुन्या चादरीत गुंडाळून शेडच्या माळ्यावर टाकला. पाइप बसवतानाच बाबांचे गुडघे गेलेले, ते आता पुन्हा गाडीखाली वाकायचे नाहीत. बॉयलरखान्याने त्यांचे कानही अर्धे नेलेले, आवाजातला फरक त्यांना कळायचा नाही. मी सगळा विचार केला होता. पुढचा सोडून.

शर्यतीच्या दिवशी गाडी वळणांतून अशी सुटली की माझं मलाच हसू आलं. आमच्या गटात मी पहिली आले. वरून खाली आले तर बाबा दोरीपलीकडे उभे, मान ताठ, आणि भोवती माणसं. त्यांनी मला मिठी मारली. माझ्या आठवणीत त्यांनी मला अशी कधी मिठी मारली नव्हती. आणि माझ्या खांद्यावरून लोकांना म्हणाले, "तीन इंची पाइप! मी हिला पहिल्यापासून सांगत होतो. ऐकत नव्हती."

मी मिठीतच दात आवळले.

त्यानंतरचे दिवस म्हणजे शिक्षा होती. दूधवाल्याला तीन इंची पाइप. शेजारच्या काकूंना तीन इंची पाइप. मावशीचा फोन आला तर तिला माझं अभिनंदन करायलाही मिळालं नाही, आधी पाइप. जिंकले मी, आणि जिंकला कोण? जो माळ्यावर चादरीत झोपलाय तो! मी चिडायचे, आणि बाबांना दुपारी शेडमध्ये शीळ घालताना ऐकलं की गप्प व्हायचे. आईला सगळं माहीत होतं. ती फक्त म्हणायची, "मी काही बघितलं नाही." पण हे म्हणताना तिचा आवाज खरा वाटत नव्हता.

मग एका सकाळी दाढी आला. दाढी म्हणजे आमच्या क्लबातला एक जण, त्याची गाडी हुबेहूब माझ्यासारखीच, आणि दर शर्यतीला तो माझ्या मागेच. तो सरळ बाबांकडे गेला.

"काका, मला असाच करून द्या."

बाबांचा चेहरा काय सांगू. ते खुर्चीतून उठले, तेव्हा गुडघे दुखतात हेही विसरले. "कागदबिगद काही नाही माझ्याकडे," म्हणाले, "मी सगळं जागेवर वाकवून बसवलं. पण गाडी तीच आहे ना तुझी? मग हिच्या गाडीवरूनच मापं घेतो."

मी मध्ये पडले. "बाबा, मी काढून देते मापं. तुमचे गुडघे..."

"तुला मापातलं काय कळतं?"

"मग उद्या घ्या. गाडी आत्ताच आणलीय, पाइप तापलेला आहे."

"वाफेच्या लाइनी हाताळल्यात मी, ठमाबाई. जॅक लाव."

दाढीनेच जॅक लावला, स्टँड घातले. मी शेडच्या दाराशी उभी. बाबा सतरंजी अंथरून कण्हत कण्हत आडवे झाले, दोन चष्मे, हातात माप घ्यायचा कॅलिपर आणि टॉर्च, आणि गाडीखाली सरकले. बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. सुरुवातीला त्या हलत होत्या. मग थांबल्या.

दाढी म्हणाला, "काका, सांगा, मी लिहून घेतो."

टॉर्चचा उजेड पाइपावरून सावकाश मागे गेला, पुढे आला, एका जोडावर थांबला. कधी नव्हे ते मला वाटलं, ओरडावं त्यांनी.

बाबा बाहेर आले ते एका कुशीवर, हळूहळू. दाढीने हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. गाडीला धरून उभे राहिले, हात पुसले. बोटं पुसून झाली तरी पुसतच राहिले.

"हा माझा नाही," ते दाढीला म्हणाले. "टोक तेवढं माझं आहे. हा ज्याने केलाय त्याच्याकडे जा. ही सांगेल तुला कोण ते."

"पण काका, तुम्ही तर..."

"मी चुकीचं बोललो. ज्यांना ज्यांना बोललो, त्यांना तूही सांग."

आणि ते घरात निघून गेले.

दाढीने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. सायलेन्सरवाल्याचा पत्ता मी त्याला कसाबसा दिला आणि त्याला वाटेला लावलं. आत गेले तर बाबा खुर्चीत. पेपर मांडीवर, पण घडी न उलगडलेली. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराने हात पुसत उभी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला सहा वर्षांची असल्यासारखं वाटलं.

"बाबा, मी बदलला."

"दिसलं. डोळे अधू झालेत, फुटले नाहीत." पेपर बाजूला सारत म्हणाले, "वेल्डिंग भिकार आहे त्याचं."

"आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

एवढे महिने गिळलेले मूग त्या एका वाक्याने वर आले. "सांगितलं नाही? सरावाला सांगितलं, दुसऱ्या सरावाला सांगितलं, यंत्रावर नेऊन रेघ दाखवली! तुम्हाला पेट्रोल चुकलेलं चाललं, प्लग चुकलेले चालले, मी चुकलेली तर फारच आवडली. तुमचा पाइप सोडून जगातलं सगळं चुकलं तुमच्या मते! कोणत्या भाषेत सांगायचं होतं?"

"पाइप चुकला ते एकवेळ ठीक," बाबा म्हणाले. आवाज मुळीच चढला नव्हता, त्याचाच मला जास्त त्रास झाला. "माणूस चुकतो. चुकलेला जोड मीही कापलाय, दहादा कापलाय. पण तू मला लोकांत बोलू दिलंस. महिनाभर बोलू दिलंस. तिथे बाजूला उभी राहून."

मी त्यांना सांभाळत होते असं म्हणणार होते, पण ते शब्द तोंडात आले तेव्हाच किती वाईट आहेत ते कळलं. बॉयलरखान्यात तीस-तीस माणसांचा जीव यांच्या जोडांवर असायचा, आणि मी त्यांना पोरासारखी खोटी शाबासकी मिळू दिली. मी मटकन समोरच्या स्टुलावर बसले आणि रडले. रागानेच रडले, पण कुणावरच्या रागाने ते सांगता येणार नाही.

आईने मध्ये पाणी आणून ठेवलं. कुणीच घेतलं नाही.

मग बाबा म्हणाले, "माझा कुठाय?"

"माळ्यावर. चादरीत."

"चादरीत कशाला? तान्हं बाळ आहे का ते?" ते उठले. गुडघ्यांवर हात देऊन, खुर्चीला शिव्या घालत, पण उठले.

शेडमध्ये मी पाइप खाली काढला. त्यांनी चादर सोडली, पाइप ठोकळ्यांवर ठेवला, आणि टॉर्चने त्याच्या तोंडात बघत बसले. मला वाटलं आता करवत मागतील, तुकडे करतील, आणि मी नको म्हणायचं की नाही याचा विचार करत होते. त्यांनी खडू घेतला.

"स्टील चांगलं आहे, टाकवत नाही. पुढच्या नळ्या राहू देऊ, मागचं बदलू. कुठून लहान करायचा ते बघायला हवं." खडू पाइपावर टेकवून ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी तू चालवतेस. वळणातून बाहेर पडताना नेमकं काय होतं ते सांग. पहिल्यापासून."

मी नाक पुसलं. घसा साफ केला. म्हटलं, "वळणात शिरताना मी दुसऱ्या गिअरमध्ये असते. इंजिन खाली आलेलं असतं. बाहेर पडताना पाय देते, आणि तिथे..."

"थांब, थांब," बाबा खडू उगारून म्हणाले, "ते तसं नसतं."

या वेळी मी थांबले नाही.